आर्डिथची न निघालेली सहल

१

गाडी चोरीला गेली असती तर एक वेळ परवडलं असतं. चोराच्या नावाने बोंब तरी मारता येते. पण एकतीस ऑक्टोबरच्या सकाळी आम्ही आमच्या गल्लीतल्या आर्डिथच्या परसातल्या गॅरेजचं दार वर केलं, तेव्हा ती काळी शववाहिका जागच्या जागी उभी होती, पुसून लख्ख केलेली. ती कायम चालवणाऱ्या गेरिटने किल्ली फिरवली. गाडी नुसती कण्हली. पुन्हा फिरवली, पुन्हा कण्हली. शेवटी आर्डिथच्या मुलाने, वेंडेलने, बॉनेट उचललं, आत डोकं घातलं आणि विचारलं, "इथली टोपी कुठंय?"

इंजिनात ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची टोपी गायब होती, तिच्या खालचा रोटरही. वायरी मात्र कुणीतरी नीट बाजूला सारून ठेवल्या होत्या, जेवण झाल्यावर ताट सारावं तशा. गाडी माझ्या लग्नाच्या आधीची. तिचा असा भाग दुकानात मिळत नाही. ओमाहाच्या भंगारवाल्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "शोधून बघतो. थँक्सगिव्हिंगच्या आत सापडला तर नशीब समजा."

आमच्याकडे नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत वेळ नव्हता. आमच्याकडे आजचा दिवस होता.

आर्डिथचा नवरा मर्ल. त्याने ही गाडी एका बंद पडलेल्या अंत्यविधीवाल्याकडून उचलली होती, केवळ थट्टा म्हणून. तेव्हापासून दर हॅलोवीनला आमची भुताटकीची सहल निघायची. ओसाड वेड्यांचं इस्पितळ, फास लावून घेतलेल्या बाईचा पूल, मक्याच्या शेतातला चकवा, आणि शेवटी मिसिसिपीच्या काठची टेकडी. तिच्यावर जुनी दफनभूमी आहे. मर्ल गेला तेव्हा त्याची राख आम्ही त्याच टेकडीवरून उधळली. आता आर्डिथच्या पाठीच्या कण्यात कर्करोग होता. तिला बसवत नव्हतं, फक्त झोपवत होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर तिला वेदनाशामक औषधाचा पंप बसवणार होते आणि मग तिला हलवायचं नाही असं ठरलं होतं. त्यानंतर फार दिवस नव्हते. हे कुणी बोलत नव्हतं, पण तिच्या चादरी बदलतानाही सगळे हळू आवाजात बोलत होते.

तिला एकदा ती टेकडी बघायची होती. वेंडेलच्या गाडीत निजवून पाहिलं, तर पहिल्याच वळणावर ती किंचाळली. रुग्णवाहिकावाले म्हणाले, आम्ही दवाखान्यातून दवाखान्यात नेतो, स्मशानात नेत नाही. उरली शववाहिका. मागे शवपेटीच्या जागी गादी टाकली की सरळ झोपता येतं आणि दोन्ही बाजूंना ऐसपैस काचा.

"लोक मेल्यावर जातात," आर्डिथ म्हणायची, "मी आधीच जागा धरून ठेवते."

माझी बायको नदीन गाडीभोवती एक फेरी मारून आली. ती जन्मभर विमा कंपनीत खोटे दावे पकडायची. जळालेली घरं, बुडवलेल्या होड्या, आपोआप मोडलेले पाय. तिच्यासमोर खोटं बोलणं मी लग्नानंतर आठवड्याभरात सोडून दिलं. न्हाव्याचा धंदा केला तरी तेवढी अक्कल मला होती.

"हे बाहेरच्या कुणाचं काम नाही," ती म्हणाली. "दुपारच्या आत निघालो तर उजेडात पोचतो. म्हणजे टोपी दुपारच्या आत सापडली पाहिजे."

"कुणी नेली असेल?"

तिने वेंडेलकडे पाहिलं, गेरिटकडे पाहिलं, घराच्या मागच्या दारात उभ्या असलेल्या नर्सकडे पाहिलं. मग माझ्याकडे पण पाहिलं.

"हार्लन, काल संध्याकाळी तू पूर्ण वेळ घरीच होतास ना?"

२

होतो. सगळेच आपापल्या घरी होते, कारण काल भिकाऱ्यांची रात्र होती. आमच्या डी मॉइन शहरात पोरं सोंगं घेऊन खाऊ मागायला हॅलोवीनला दारोदार हिंडत नाहीत, आदल्या संध्याकाळी हिंडतात. आणि इथे फुकट गोळी मिळत नाही. आधी विनोद सांगायचा, मग हात पुढे करायचा. दुसऱ्या राज्यातून आलेल्यांना हा जाच वाटतो. आम्हाला वाटतं, मुलांना कमाईची सवय लागते.

आर्डिथची खाट मागच्या खोलीत, खिडकीला लावून होती. खिडकीतून समोर गॅरेज. तिला सांगायचं काम नदीननेच केलं. आर्डिथ रडली नाही. तिने भुवया रेखून घेतल्या होत्या, ओठ लाल रंगवले होते, प्रवासाला निघालेली बाई नटते तशी. ती तशीच छताकडे बघत राहिली.

"कोणी केलं ते शोध," ती म्हणाली. "शिव्या द्यायला नाव तरी पाहिजे."

"काल तू गॅरेजकडे पाहिलंस?"

"दुसरं काय बघणार? संध्याकाळपासून तिकडेच डोळे लावून पडले होते. उद्या निघायचं म्हणून झोप कुठली."

"कुणी दिसलं?"

"काळाकुट्ट अंधार होता. ह्या वेंडेलने गॅरेजची वीज ओढून पुढच्या अंगणात दिवे लावले आणि फ्यूज उडवला. टॉर्चचा ठिपका जरी हलला असता तरी मला दिसला असता. नाही हलला." मग एकदम ती हसली. हसताना तिला दुखलं, तरी हसली. "ती डिलेनी पाहिलीस का गं? आपल्या गल्लीतली?"

डिलेनी सगळ्यांनी पाहिली होती. पोरीने कमरेभोवती पुठ्ठ्याची काळी गाडी चढवली होती. पुढे डब्यांच्या झाकणांचे दिवे, मागे पडदे, नंबरप्लेटसुद्धा हुबेहूब आमच्या शववाहिकेची. गल्लीतल्या आयांनी तिचे फोटो काढून काढून तिची वाट अडवली होती. आर्डिथने तिला मुद्दाम खाटेपाशी बोलावून घेतलं होतं.

"माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर अपमान," आर्डिथ म्हणाली. मग परत छताकडे वळली. "सापडेल ना गं?"

नदीनने उत्तर दिलं नाही. ती खोटं बोलत नाही, हा तिचा फार मोठा दोष आहे.

आम्ही ही सहल ऑगस्टपासून आखत होतो, ह्याच खाटेभोवती बसून. आर्डिथच्या पांघरुणावर नकाशा, आमच्या हातात कॉफी. ती दरवेळी नवीन ठिकाण काढायची. इकडे एक बुडालेलं गाव आहे, तिकडे रडणारी विहीर आहे. आणि गेरिट दरवेळी ते खोडायचा. रस्ता खराब आहे, फेरा पडतो, आपलं नेहमीचंच बरं. रात्रीचा मुक्काम त्याने काढून टाकला, अंधारातली पुलावरची फेरी काढून टाकली. मला वाटायचं, तिला त्रास नको म्हणून करतोय. ती त्याला म्हणायची, "म्हाताऱ्या, तू भूत बघायला निघालायस की किराणा आणायला?" आणि तो हसून म्हणायचा, "हार्लन, तूच वाच रे नकाशा, माझा चष्मा घरी राहिला."

खोलीबाहेर आल्यावर नदीन व्हरांड्यात थांबली.

"अंधारात," ती म्हणाली. "टॉर्चशिवाय. एक ओरखडा न पाडता."

३

वेंडेल पुढच्या अंगणात फुगवलेल्या राक्षसातली हवा काढत होता. पन्नाशीचा माणूस, पण आईसमोर अजून मान खाली घालतो.

"तुला ही सहल नको होती," नदीनने सरळच विचारलं.

"नव्हतीच! सगळ्यांदेखत सांगितलं होतं. वाटेत काही झालं तर? मका कापणाऱ्या मशीनच्या मागे अडकलेलो, आणि माझी आई शववाहिकेत… लोक काय, मीच मला काय म्हणू?" त्याने राक्षसावर पाय दिला. फुस्स झालं. "पण मग मी गादी शिवून घेतली. तिच्या मापाची."

"किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे. कायम." तो थबकला. "म्हणजे तुम्हाला वाटतंय मी…"

"तू किल्ली हरवली असतीस," नदीन म्हणाली. "काम झालं असतं आणि बोभाटा पण नाही. तुला इंजिनात हात घालायची गरज काय?"

त्याला हायसं वाटलं की वाईट वाटलं ते त्याचं त्यालाच कळेना. म्हणाला, "मी खरंच तिला नेणार होतो हो." आणि मग तिथेच, त्या चपट्या राक्षसावर बसून रडायला लागला.

नर्स मिरेला स्वयंपाकघरात होती. ती बोस्नियाहून लहानपणी आलेली. ती राहते त्या अर्ध्या गल्लीने तिकडचं युद्ध पाहिलंय. तिला आमचं हे सांगाड्याबिंगाड्यांचं कौतुक मुळीच पसंत नाही, आणि ती ते लपवतही नाही.

"आमच्याकडे मेलेल्यांची थट्टा करत नाहीत," ती म्हणाली. "मी आर्डिथबाईंना तोंडावर सांगितलं. त्या म्हणाल्या, मी थट्टा करत नाहीये, ओळख वाढवतेय."

"मग तुम्ही थांबवलं का नाही?"

"मला थांबवायचं असतं तर डॉक्टरांना एक फोन पुरला असता. त्यांनी कागदावर 'नाही' लिहिलं असतं, विषय संपला." तिने टेबलाकडे बोट दाखवलं. तिथे इस्त्री केलेल्या चादरी, औषधांची पिशवी, सफरचंदाच्या रसातले डोनट डब्यात भरलेले. "मी पण येणार होते. मला ते तुमचं इस्पितळ बघायचं नव्हतं, पण त्या टेकडीवर त्यांच्याजवळ कुणीतरी असायला हवं होतं. गेरिटकाकांनी सांगितलं होतं, हळू नेतो, काळजी करू नका."

"कधी सांगितलं?"

"परवा. फार घामेजले होते. मी त्यांचं ब्लडप्रेशर पण बघितलं."

नदीनने घड्याळाकडे पाहिलं, मग खिडकीतून गल्लीपलीकडच्या घराकडे. गेरिटचं घर.

"तो?" मी म्हणालो. "वेडी आहेस का तू? त्या गाडीचं इंजिन त्याने दोनदा उघडून बांधलंय. पोटच्या पोरासारखी जपतो तिला."

"तेच म्हणतेय मी," नदीन म्हणाली.

४

गेरिटच्या दारातली पिकअप मॅपलच्या पानांनी पार झाकून गेली होती. काचेवर पानं, टपावर पानं, चाकांशी पानांचा ढीग. नदीन तिथे जरा रेंगाळली, तिने एक पान उचलून पाहिलं आणि टाकून दिलं.

"आजकाल पायीच हिंडतो," दार उघडत गेरिट म्हणाला. "डॉक्टर म्हणतो, हृदयाला बरं."

त्याने आम्हाला कॉफी दिली. कपात एक थेंब बाहेर सांडला नाही. उंच, हाडापेराने मोठा माणूस, हातांना कायम ग्रीसचा वास. बोलताना माझ्या खांद्यापलीकडे बघत होता. मला वाटलं, दुःखाने.

"सापडली का टोपी?" त्याने विचारलं.

"नाही. काल तू घरी होतास?"

"दारातच. गोळ्या संपेपर्यंत."

"कोण कोण आलं?"

गेरिटचा चेहरा खुलला. त्याला पोरांचं भारी वेड. "अगं, एकाहून एक! एकाने विचारलं, भूत डॉक्टरकडे गेलं तर डॉक्टर काय म्हणाला? म्हणाला, जरा ऊन खात जा, फार पांढरे पडलात. एक बारीक आवाजाची होती, तिचा भोपळ्याचा. एक भोपळा दुसऱ्याला म्हणतो, हसतोस काय? तो म्हणतो, काय करू, कोरणाऱ्याने तोंडच असं दिलंय!" तो स्वतःच खदखदून हसला. "आणि ती डिलेनी. ती म्हणाली, शववाहिकेच्या ड्रायव्हरला घाई का नसते? कारण मागे बसलेला कधी कुरकुर करत नाही."

मी हसलो. नदीन हसली नाही.

"चांगला आहे," ती म्हणाली.

"चांगला? मी तिला मूठभर जास्त गोळ्या दिल्या! एवढ्याशा पोरीला शववाहिकेचा विनोद सुचावा कुठून, देव जाणे."

नदीनने कप खाली ठेवला. फार सावकाश ठेवला. विमा कंपनीतली तिची माणसं म्हणायची, नदीनबाई कप खाली ठेवायला लागल्या की दावा बुडाला.

"हार्लन," ती मला म्हणाली, "तू जरा बाहेर पायरीवर चल."

बाहेर तिने माझं मनगट धरलं.

"सगळे विनोद पाठ आहेत त्याला. सोंग एक तरी सांगितलं त्याने? चेटकीण, सांगाडा, काहीतरी?"

"विसरला असेल."

"डिलेनी त्याच्या दारात त्याची लाडकी गाडी घालून उभी होती. नंबरप्लेटसकट. अख्खी गल्ली फोटो काढतेय, आणि हा विचारतो, पोरीला हे सुचलं कुठून."

मी वळून दाराकडे पाहिलं.

"ज्याला ही सहल नको होती त्याला सोपी वाट होती," ती म्हणाली. "वेंडेलला किल्ली, मिरेलाला फोन. इंजिनात हात कोण घालेल? ज्याला 'मी येत नाही' एवढं म्हणता येत नव्हतं तो. आणि अंधारात, उजेडाशिवाय, बोटांनी चाचपून ते काम कोण करेल? ज्याला अंधार आणि उजेड आता सारखेच झालेत. त्याने नवे रस्ते का खोडले? जुने पाठ होते म्हणून. पिकअप महिनाभर हलली नाहीये."

"नदीन," मी म्हणालो, "हे नको. भंगारवाला बघतोय…"

"टोपी गेरिटकडे असेल तर आपण अजून निघू शकतो. तू चालव. वेंडेल चालवेल. मला फक्त टोपी पाहिजे."

ती आत गेली. मीही गेलो. जायला नको होतं असं पुढे वाटलं, पण गेलो.

५

"कधीपासून दिसत नाही, गेरिट?"

तो खुर्ची चाचपून बसला. आता लपवायचं काही नव्हतं म्हणून चाचपून बसला.

"वसंतापासून. मधलं गेलंय, कडेचं दिसतं. तुझ्या तोंडाकडे बघायला गेलो की तोंड जातं, कान उरतात." त्याने हसायचा प्रयत्न केला. "डॉक्टर म्हणतो, आता ह्याला इलाज नाही."

"सांगितलं का नाहीस?"

"ऑगस्टमध्ये सांगणार होतो. तर आर्डिथ पहिल्याच दिवशी म्हणाली, गेरिट चालवणार असेल तरच येते, दुसऱ्या कुणाच्या हातात माझी हाडं देणार नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तू पण वाजवल्यास, हार्लन. मग म्हटलं, पुढच्या आठवड्यात सांगू. मग त्याच्या पुढच्या."

"टोपी दे," नदीन म्हणाली. तिचा आवाज मऊ होता. असा मी फार कमी वेळा ऐकलाय. "अजून वेळ आहे. हार्लन चालवेल. आम्ही काही बोलणार नाही. म्हणू, तुझी पाठ धरली."

गेरिटने मान हलवली.

"नाहीये."

"कुठं आहे?"

"सकाळी फिरायला गेलो तेव्हा पुलावरून टाकली. नदीत. दोन्ही भाग." तो टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. "जवळ ठेवली असती तर मी ती परत लावली असती, नदीन. तिने तोंड भरून 'चल रे' म्हटलं असतं आणि मी चालवली असती. माझा मलाच भरवसा नव्हता."

नदीन उठून खिडकीशी गेली आणि तिथेच उभी राहिली. मी तिला एवढं हरलेलं कधी पाहिलं नाही. आयुष्यभर तिने माणसांना पकडलं, पण पकडून हातात काहीच आलं नाही असं आज पहिल्यांदा झालं.

"तिला मीच सांगतो," गेरिट म्हणाला.

आम्ही गल्ली ओलांडली. तो पुढे चालला होता, सराईत, एकदाही न अडखळता. मला चीड आली. इतकं बरं चालायचं कशाला, म्हणजे आम्हाला कळलं तरी असतं.

आर्डिथच्या खोलीत वेंडेल होता, मिरेला होती. ऊन कलायला लागलं होतं. गेरिट खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. डोळे, अंधार, टोपी, पूल. पुन्हा पुन्हा सांगितलं नाही, माफी मागितली नाही, एका दमात सांगितलं. वेंडेल उठला, त्याच्या अंगावर जाणार होता. मिरेलाने त्याचा दंड धरला.

आर्डिथ ऐकत होती. लाल रंगाचे ओठ तसेच.

"हार्लनने चालवली असती की गाडी," ती शेवटी म्हणाली. "भिकार चालवली असती, पण चालवली असती. तू नुसतं सांगायचंस."

"तू म्हणाली होतीस, गेरिटशिवाय…"

"मी थट्टा करत होते, मूर्खा! तुला खूश करत होते." तिला धाप लागली. मिरेला पुढे झाली, तिने हातानेच तिला थांबवलं. "तुझ्याऐवजी म्हाताऱ्या गाढवाने गाडी ओढली असती तरी मी गेले असते. मला मर्लकडे जायचं होतं. मला तू नको होतास. मला टेकडी पाहिजे होती."



"वाटेत मी तुला मारलं असतं, आर्डिथ," गेरिट म्हणाला. "समोरची गाडी मला दिसली नसती. तुला मारलं असतं."

"मी मरतेच आहे, गेरिट," आर्डिथ म्हणाली. आवाज अगदी साधा होता, काहीतरी खरंच विचारावं तसा. "तू मला कशातून वाचवलंस?"

गेरिट खाटेच्या कडेने वर सरकला, वाकला आणि त्याने चादरीवरच्या तिच्या हाताकडे हात नेला. तो चुकला. त्याची बोटं खाटेच्या लोखंडी दांडीवर पडली आणि तिथेच थांबली. तिचा हात तिथून वीतभर लांब होता. त्याला वाटलं असावं, हाच.

आर्डिथने ते पाहिलं. तिने आपला हात पुढे केला नाही.